मोजणारा बसत नाही

“पण बाबा चालतात की नाही, हे मला कळायला नको का, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद हौद्यातली लाल माती खोऱ्यानं वरखाली करत राहिले. आदल्या दिवशी तिच्यात ताक आणि तेल पडलं होतं. त्याचा आंबूस वास तालीमभर होता.

“मी काय विचारते आहे?”

“ऐकतोय की.”

खोरं चालूच.

वस्तादांचं वय चौऱ्याऐंशी. कृष्णाकाठच्या त्या गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखाली मातीत लोळल्या. बोलणं बेताचं. वस्तादांच्या तोंडून एक वाक्य काढायचं तर आधी शंभर जोर काढावे लागतात, असं गावात म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही.

विचारणारी होती डॉक्टर ऋतुजा सुतार. वय अडतीस. पुण्यात फिजिओथेरपीचा दवाखाना. तिचे वडील आकाराम मास्तर हे वस्तादांचे जुने चेले, आणि गावच्या हायस्कुलात पस्तीस वर्षं पी.टी.चे मास्तर. गळ्यात शिट्टी, काखेत लेझीम आणि तोंडात एक-दोन-तीन-चार. निम्मं गाव त्यांच्या आकड्यावर पाय टाकायला शिकलेलं.

हे मास्तर पाच महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, जखमही भरली. पण मास्तर काही खाटेवरून उठेनात. खाट ते खुर्ची, खुर्ची ते खाट, एवढाच त्यांचा प्रवास उरला.

“मी त्यांना पट्टा दिला होता,” ऋतुजा म्हणाली. “मनगटावरचा. तो पावलं मोजतो. आकडा माझ्या फोनवर येतो.”

“ठावं हाय. पाऊल का काय ते.”

“पाऊलच. आम्ही तिघांनी बनवलंय ते ॲप.” इथे तिची मान जरा ताठ झाली, आणि का होऊ नये? “तीनशेवर म्हातारी माणसं वापरतात. साताऱ्याच्या एक आजी आहेत, ऐंशी वर्षांच्या. रोज अडीच हजार पावलं चालतात. काठी सुटली त्यांची. खोटं नाही सांगत.”

“खोटं कुठं म्हणालो?”

“त्यात आम्ही आवाज भरलाय. ‘चला, वेळ झाली. आज अजून आठशे राहिली.’ असा. बाबांच्या फोनमध्ये मुद्दाम माझा भरला. दिवसातून पाच वेळा वाजतो.”

खोरं थांबलं.

“पाच येळा?”

“हो.”

“लेकीच्या आवाजात?”

“हो.”

“हं…”

खोरं पुन्हा सुरू झालं.

“आकडे छान यायला लागले, वस्ताद. चार हजार. पाच हजार. एकदा सहा. पुण्यात एका मोठ्या सभेत मी बाबांचा आलेख पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या.”

तिनं पिशवी पुढ्यात ओढली.

“काल घरी आले. टेपनं त्यांची मांडी मोजली. दोन महिन्यांपूर्वीपेक्षा दोन इंच कमी भरली.”

वस्तादांनी खोरं मातीत रोवलं.

“आणि गादीखाली हे सापडलं.”

तिनं पिशवीतून लेझीम काढली. तेलपाणी पिऊन काळा पडलेला दांडा, लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या चकत्या. पण चकत्यांभोवती आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट गुंडाळलेलं होतं आणि वरून सुतळीनं बांधलेलं होतं.

वाजू नये म्हणून.

सकाळ-संध्याकाळ मास्तर खाटेवर बसून, पट्टा घातलेल्या हातात ती मुकी लेझीम धरून हलवत होते. पट्टा बिचारा प्रामाणिक. हात हलला की एक पाऊल मोजत होता, आणि लेक पुण्यात बसून खूश होत होती.

ज्या लेझमीच्या आवाजानं पंधरा ऑगस्टला गाव उठायचं, तिचं तोंड मास्तरांनी स्वतःच्या हातानं बांधलं होतं. वस्तादांनी ते फडकं बोटांनी चाचपलं.

“ही गाठ मी त्यांच्यासमोर सोडणार होते,” ऋतुजा म्हणाली. “म्हणजे कळलं तरी असतं त्यांना, की मला कळलंय.”

“सोडलीस?”

“नाही. आधी तुमच्याकडे आले.”

“जितनं काढलीस तितं ठेव.”

“गादीखाली?”

“गादीखाली.”

“वस्ताद, त्यांनी मला फसवलं.”

“व्हय.”

“आणि मी गप्प बसू?”

“बस की. पाच येळा बोलतीसच दिवसाला.”

ऋतुजाला ते झोंबलं. पण ती भांडायला आली नव्हती, मागायला आली होती.

“ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर म्हणालेत, अजून दोन महिने. तेवढ्यात मांडी भरली नाही तर वॉकर कायमचा. आणि वॉकर घेऊन बाबा दाराबाहेर पाऊल टाकणार नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांचा विद्यार्थी. ते त्या खाटेवरच…”

वाक्य पुरं झालं नाही. कितीही शिकलेली डॉक्टरीण असली तरी लेक होती. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि दुसरा एक पट्टा बाहेर काढला.

“तुमचं ते ऐकतात. एकदा घरी या, दम द्या. आणि हा पट्टा त्यांच्या पायात घाला. नवीन आहे, घोट्याला बसतो. हात हलवून आता भागणार नाही. फसवताच यायचं नाही.”

वस्तादांनी पट्टा उलटसुलट पाहिला.

“चुकार जनावराच्या गळ्यात लोढणं बांधत्यात. लांब जाऊ नये म्हणून.” ते म्हणाले. “ह्ये चालावं म्हणून व्हय?”

“तुम्हाला मुळात यंत्रंच आवडत नाहीत, म्हणून…”

तेवढ्यात कोनाड्यात फोन वाजला. वस्तादांचा.

वस्तादांनी धोतराला हात पुसले, फोन उचलला आणि अंगठ्यानं असा सफाईनं दाबला की ऋतुजा बघत राहिली. पडद्यावर एक मिशाळ म्हातारा दिसला. मागे कुणाच्या तरी घराचा ओटा होता आणि वरच्या आढ्याला दोर टांगलेला होता.

“हाय का येळ, वस्ताद?”

“लाव, बाजी.”

म्हाताऱ्यानं दोर धरला आणि बैठका सुरू केल्या. वस्ताद फोन डोळ्यांसमोर धरून उभे राहिले, ताठ.

“एक… दोन… गुडघा बाहीर जाऊ दे… तीन…”

ऋतुजा कट्ट्यावर टेकली. बाजी पैलवान सत्तरी पार केलेला दिसत होता, पण कंबर खाली कशी नेतोय, पाठ कुठे वाकतेय, हे तिला आपोआप दिसायला लागलं. शेवटी तिचा धंदाच तो. तिचे ओठ हलू लागले. सात. आठ.

“ऊठ,” वस्ताद म्हणाले. मान वळवली नाही.

“मी?”

“मोजतीयास नव्हं ओठात?”

“हो, सहज…”

“मग ऊठ. हितं मोजणारा बसत न्हाई.”

त्या तालमीत पूर्वी दोन नियम होते. बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हा पहिला. तो वस्तादांनी आठ वर्षांपूर्वी स्वतःच मोडला, आणि आज चार पोरी तिथे कुस्ती शिकतात. दुसरा नियम मात्र कुणाच्या बापाला मोडता आला नाही. आपले जोर आपण मोजायचे नाहीत, जोडीदारानं मोजायचे, आणि ते उभं राहून. एकदा तालुक्याचा एक बडा पाहुणा खुर्चीत बसून पोरांच्या बैठका मोजायला लागला, तर वस्तादांनी खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली होती. का, असं विचारायची पद्धत तिथे नाही.

ऋतुजा उठून उभी राहिली.

एकतीसला बाजी थांबला. घाम पुसून म्हणाला, “आता तुमच्या, वस्ताद.”

वस्तादांनी फोन कोनाड्यात उभा केला, खांबाचा दोर धरला आणि सावकाश वीस बैठका काढल्या. पलीकडे बाजी कमरेवर हात ठेवून उभा होता आणि मोजत होता. तिकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी त्याला हाक मारली, तरी तो जागचा हलला नाही.

फोन बंद झाला.

“हे तुम्ही… रोज करता?”

“पाच जण हाय. बाजी कराडला. एक जतला. एक लेकाकडं सुरतेला गेलाय. ज्येचा त्येचा जोडीदार.”

“मोबाईलवर?”

“मग काय तार करू?”

ऋतुजाला हसू आलं आणि लाजही वाटली. तीनशे माणसांच्या पायांचा आलेख काढणारीला आपल्याच गावच्या तालमीतली ही पाच म्हातारी दिसली नव्हती.

“बाबांना का नाही घेतलंत यात?”

“हुता की. पडल्यापास्नं फोन उचलत न्हाई.”

“का?”

“लाजतोय.”

वस्तादांनी दोर तिच्याकडे ढकलला.

“आता तू काढ. मी मोजतो.”

तिनं ओढणी कमरेला खोचली. ॲप येण्याआधी दिवसातून दहा जणांना ती हेच शिकवत होती. पहिल्या आठ बैठका अगदी पुस्तकातल्यासारख्या निघाल्या. अकराव्याला मांड्या थरथरल्या. चौदाव्याला ती दोर सोडून मातीत बसली.

“चौदा,” वस्ताद म्हणाले. उभे होते. श्वासही चढला नव्हता.

“दिवसभर काय करतीस?”

“काम.”

“कसलं?”

“ॲपचं. तीनशे माणसांचे आकडे बघायचे असतात. नऊ-दहा तास जातात.”

“बसून?”

तिनं हाताची माती झटकली.

“तुजं कोण मोजतं?”

“माझं कशाला मोजायचं? मी कुठे आजारी आहे?”

वस्ताद खाली वाकले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघा टेकून तिच्या पायाशी बसला आणि त्यानं तिचा घोटा धरला. ऋतुजानं विस्तव लागल्यासारखा पाय मागे घेतला. वडीलधाऱ्याचा हात आपल्या पायाला लागावा, एवढं पाप तिनं आजवर केलं नव्हतं.

“वस्ताद, पायाला हात नका लावू.”

“गप.”

तो नवा पट्टा तिच्या घोट्याला बसला. खट् असा बारीक आवाज आला.

“ह्येचा आकडा आकारामला जाऊ दे.”

“काय?”

“तुजा आकडा. त्येच्या फोनवर.”

“पेशंट मी नाही, वस्ताद.”

वस्तादांनी खोरं उचललं. आता शंभर जोर काढले असते तरी ते बोलले नसते.

ऋतुजा रागानं घरी आली. राग आला की तिचं नाक लाल व्हायचं, बापासारखंच. मास्तर खुर्चीत चहा पीत होते. तिनं लेझीम गुपचूप होती तिथे सारली. मग फोन घेऊन बसली आणि ॲपमध्ये दोघांच्या नावांची अदलाबदल केली. ॲप तिचंच, दहा मिनिटांचं काम. स्वतःचा तो आवाजही काढून टाकला. मनाशी म्हटलं, होऊन होऊन काय होईल, फसेल. मग वस्तादांना जाऊन सांगता तरी येईल.

“बाबा, तुमचा पट्टा काढते.”

मास्तरांनी मुकाट्यानं हात पुढे केला. पट्टा निघाला तसा त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते तिनं पाहिलं.

“आता हा मी घातलाय. पायात. माझी पावलं तुमच्या फोनवर येतील. माझं वजन वाढलंय, बाबा. साखर काठावर आलीय. मला कुणीतरी मोजायला पाहिजे.”

ही थाप म्हणून तिनं बोलायला सुरुवात केली होती. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “बघू.”

सोमवारी संध्याकाळी पुण्यात तिचा फोन वाजला.

“ऋतू, यंत्र बिघडलंय काय?”

“नाही, बाबा.”

“नऊशे चाळीस दाखवतंय.”

“बरोबर आहे.”

“अख्ख्या दिवसात?”

“हो.”

मग मास्तर म्हणाले, “शाळेत अशी पोरगी माझ्या वर्गात असती ना…” आणि त्यांनी वाक्य गिळलं. “तुमच्या इमारतीला जिना आहे?”

“चार मजले.”

“उद्या चार वाजता फोन लाव. चेहरा दिसेल असा.”

मंगळवारी चार वाजता ती जिन्यात उभी राहिली. पडद्यावर मास्तर. वस्तादांच्या नुसत्या आठवणीनं का होईना, ते खाटेवरून उठून खिडकीचा गज धरून उभे होते.

“पायाकडे बघू नको. समोर बघ. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार…”

पाच महिन्यांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. घरात ऐकू यायचा तो एक म्हातारा माणूस होता. हे मास्तर होते.

शुक्रवारी चित्र हलायला लागलं.

“बाबा, फोन नीट धरा. हलतोय.”

मास्तर मोजत राहिले. मागून आईचा आवाज आला, “फोन कसला हलतोय, तेच हलतायत.”

पी.टी.च्या मास्तराला पाय न हलवता चार आकडे म्हणता येत नाहीत. पस्तीस वर्षांची सवय. एक म्हटलं की डावा उचलणार, दोन म्हटलं की उजवा. खिडकीचा गज एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आणि मास्तर जागच्या जागी कदमताल करत होते.

ऋतुजा तिसऱ्या मजल्यावर थांबली.

“थांबायचं नाही,” पडद्यातून हुकूम आला. “पाय उचल. एक-दोन…”

ती रडत रडत चौथ्या मजल्यावर गेली. मास्तरांनी ते पाहिलं असेल, पण आकडा चुकवला नाही.

असे सहा आठवडे गेले. तिची पावलं तीन हजारांवर गेली, मग पाच. रोज संध्याकाळी शेरा यायचा. बरं. ठीक. बुधवारी आळस केलास. एकदा नुसतंच, शाब्बास. तो तिनं आईला, मैत्रिणीला आणि दवाखान्यातल्या बाईंना वाचून दाखवला.

मास्तरांचं काय चाललंय, ते मात्र कळेना. खिडकीपाशी उभे दिसायचे, इतकंच. आईला विचारलं तर ती परसातल्या तुळशीचं सांगत बसायची. यांनी कुंडी दोनदा हलवायला लावली, वाटेत येते म्हणाले. ऋतुजा म्हणायची, आई, तुळशीचं राहू दे, बाबांचं सांग.

सातव्या आठवड्याच्या शेवटी ती गावी आली. दुसऱ्या दिवशी मास्तरांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मास्तर खुर्चीत पेपर वाचत होते. सकाळी आठपासून अकरापर्यंत ते खुर्चीतच होते. वॉकर भिंतीला टेकलेला होता. तिनं टेप काढली तर म्हणाले, “ठेव ती आत.” तिचं लक्ष गादीकडे गेलं. पण खाली हात घालायचा तिला धीर झाला नाही.

“तालमीत जाऊन येते, बाबा.”

“गाडीनं नाही. पायानं.”

तालमीत माती तीच होती आणि खोरंही तेच.

“वस्ताद, मी तुमचं ऐकलं,” उंबऱ्यातूनच ती म्हणाली. “पण ते चालतात की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. उद्या डॉक्टर विचारतील. सकाळपासून खुर्चीतून उठले नाहीत.”

“हं.”

“त्यांच्या फोनमध्येसुद्धा मोजणी असते. इथून एक बटण दाबलं की चालू होते. त्यांना कळणारही नाही. दाबू?”

“दाब की.”

तिला ‘नको’ ऐकायचं होतं. तिनं फोन काढला. बटण समोर होतं.

“खरंच दाबू?”

“तुजं बोट हाय.”

अंगठा बटणावर होता, तोच फोन वाजला. मास्तर.

“कुठं आहेस?”

“तालमीत पोचले.”

“अकराशे चाळीस आलीत. घर ते तालीम आठशे साठ. पस्तीस वर्षं मोजलीय मी ती वाट. मधली दोनशे ऐंशी कुठनं आली? देवळाकडनं फिरून गेलीस?”

“नाही, बाबा. सरळ आले.”

“मग तुझं यंत्र खोटं बोलतंय.”

“यंत्र खोटं बोलत नाही, बाबा.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“ते मला नको सांगू,” मास्तर म्हणाले. “त्याला फसवायचं कसं, मला माहीत आहे.”

तिनं काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

“थांब तिथंच. मोजून दाखवतो.”

फोन बंद झाला.

ती उंबऱ्यात उभी राहिली. वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं आणि तेही शेजारी येऊन उभे राहिले. वाटेवर ऊन होतं. पिठाच्या गिरणीसमोर दोन बायका डोक्यावरचे डबे उतरवत होत्या. बराच वेळ गेला. ऋतुजाला वाटलं, मध्येच पडले तर? जाऊ का पुढे? तिनं पाय उचलला. वस्तादांनी नुसता हात आडवा धरला.

आणि मग ते ऐकू आलं.

छन्…

छन्…

गिरणीच्या कोपऱ्यावरून मास्तर वळले. उजव्या हातात काठी, डाव्या काखेत लेझीम. तिच्यावर फडकं नव्हतं. दर पावलाला चकत्या एकमेकींवर आपटत होत्या. गिरणीतला पांढऱ्या केसांचा माणूस पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आला आणि ताठ उभा राहिला, शाळेत राहायचा तसा. मास्तरांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलत होते.

छन्… छन्… छन्…

ऋतुजानं बटण तसंच सोडून फोन पिशवीत टाकला. ती पाठ सरळ करून, हात बाजूला धरून उभी राहिली. तिचेही ओठ हलायला लागले. एकोणीस. वीस. एकवीस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मोजत होती.

वस्तादांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग वाटेकडे. मग आत जाऊन कट्ट्यावरची माती त्यांनी पंच्यानं झाडली.

“पोरी,” ते म्हणाले, “झालं मोजून. खाली बस.”